दीड तासाच्या दोन्ही टोकांना

"अगं, विमान काही तुला माझ्या दारात आणून सोडत नाही. एक किल्ली खालच्या काकूंकडे राहू दे," असं दुसऱ्या शहरात एकटी राहणारी आई परोपरीने सांगत होती, आणि लेकीने ते हसण्यावारी नेलं होतं. तिकिटांच्या कंपनीत ती कामाला. कुठल्या विमानतळापासून कुठला विमानतळ किती लांब, हे लोकांना सांगण्यावरच तिचं पोट. "दीड तास, आई! तुझी भाजी निवडून होईस्तोवर पोचते मी." काकू घरात येऊन डबे उघडून बघतात, हेही मनात होतंच. दुसरी किल्ली तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

आज सकाळी आईचा फोन नुसताच वाजत राहिला. तिने खालच्या काकूंना फोन केला. त्यांनी वर जाऊन दार बडवलं.

"आत रेडिओ चालू आहे गं. पण ती ओ देत नाही. सुताराला बोलावू?"

"नको, काकू! बाथरूममध्ये असेल. दार फोडलं तर घाबरेल ती. किल्ली आहे माझ्याकडे, दीड तासात येते."

सुतार बोलवायचा म्हणजे काहीतरी झालंय हे कबूल करायचं. तेवढं करायला तिचं मन धजेना.

बाळाला काखोटीला मारून ती निघाली. टॅक्सी पुलावर अडकली. बाळाने टाहो फोडला.

"दादा, हॉर्न तरी वाजवा!"

"ताई, हॉर्नने रस्ता रुंद होत असता तर मी केव्हाच विमान झालो असतो."

विमानतळावर खिडकीपलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बाळाचं तिकीट?"

ती बघतच राहिली. मांडीवरच्या बाळालाही तिकीट लागतं, हे वाक्य कंपनीसाठी तिनेच तर लिहिलं होतं. घाईत तिने फक्त स्वतःचं काढलं होतं. मग दुसरी खिडकी, दुसरी रांग. ते विमान डोळ्यांदेखत गेलं. पुढचं दुपारी.

ती खुर्चीत बसली. सकाळपासून ती जिवाच्या आकांताने धावत होती आणि अजून स्वतःच्याच शहरात होती. पलीकडेही असंच असणार: पट्ट्यावरची बॅग, टॅक्सी, गर्दी, जिना. दीड तास होता तो फक्त आभाळातला. आणि तेवढ्यावर तिने काकूंना थांबवून ठेवलं होतं.

तिने फोन लावला. "काकू, फोडा दार."

"आत्ता? सकाळपासून तेच म्हणतेय ना मी!" काकूंचा आवाज फाटला. "रेडिओ अजून चालूच आहे गं..."

सुतार शोधून आणेपर्यंत दुपार झाली, ती विमानात बसलीसुद्धा. कानाशी धरलेल्या फोनमधून हातोड्याचे घाव ऐकू येत होते. एक, पुन्हा एक. "आई," ती नुसतीच म्हणत होती, "आई गं." हवाई सुंदरी वाकून हळूच म्हणाली, "फोन बंद करा, प्लीज." ती ऐकेना. शेवटी शेजारच्या आजोबांनी बाळाला घेतलं, तेव्हा कुठे तिचा हात खाली आला.

विमान उडालं तेव्हा दार उघडलं नव्हतं. आता उतरेपर्यंत तिला काहीच कळणार नाही, आणि तिच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुमच्या हातात आहे. तुमच्या जिन्यात, समोरच्या दारामागे कुणी एकटं राहत असेल, तर आज त्यांचा आवाज ऐकलात का? नसेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. जा, बेल वाजवा, आणि ओ येईपर्यंत तिथून हलू नका.