आतून लावलेली कडी

सकाळी हिमांशूचा फोन आला तेव्हापासून केवळरामचा पाय घरात ठरत नव्हता. धानाच्या बांधीवर गेला आणि पाणी साचलंय की वाहतंय हे न बघताच परतला. खत आणायला कोहमाऱ्यापर्यंत गाडी दामटली, ढाब्यावर चहा ढोसला आणि हात हलवत गावात, सौंदडला परत आला.

हिमांशू त्याचा एकुलता एक मुलगा. फौजेत होता, सध्या आफ्रिकेतल्या एका देशात, शांतिसेनेच्या छावणीवर पहाऱ्याला. तिथल्या सरकारचेच शिपाई एका वस्तीवर तुटून पडले. बायका पोरांना घेऊन छावणीच्या फाटकाशी आल्या. हुकूम असा, की विचारल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. तो त्यांच्या देशाचा मामला. हिमांशूनं उघडलं. साठ जीव वाचले आणि याच्यामागे चौकशी लागली. इथल्या चार वाजेपर्यंत जबाब द्यायचा होता. गर्दीच्या रेट्यानं फाटक उघडलं असं लिही, सोबतचे सांगत होते. खरं लिहिलं तर नोकरीवर गदा.

"तुमी सांगा बाबा, काय लिवू?" एवढं विचारून पोरानं फोन ठेवला होता.

"रेट्यानं उघडलं म्हनून लिव म्हना त्याले," बायको रुख्मा दहाव्यांदा म्हणाली. "दुसऱ्याच्या देशाचं कायले उरावर घेते?"

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हे केवळरामच जन्मभर सांगत आला. लोक त्याला शहाणा म्हणत. डोंबलाचा शहाणा. पंधरा वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत भर दुपारी, शेजारची शामकला त्याचं दार ठोठावत होती. मागून तिचा नवरा सुकराम काठी घेऊन येत होता. केवळराम जेवत होता. दहा वर्षांच्या हिमांशूला तो म्हणाला, "कडी लाव." पोरानं टाचा उंचावून कडी लावली.

सुकराम आता या जगात नव्हता. तीन वाजून गेले तसा केवळराम उठला आणि शेजारच्या अंगणात गेला. शामकला तांदूळ पाखडत होती. तिनं उजवा कान पुढे केला. डावा त्या दिवसापासून निकामी होता. त्यानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "पोराले काय सांगू?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"मी तुमच्या दाराले कान लावला होता भाऊ. हाच, डावा. पोराचे पाय वाजले तं वाटलं, उघडते आता. मंग कडी लागली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "या कानानं नीट आयकलेलं तेच शेवटचं."

ती पुन्हा पाखडू लागली. केवळरामला तिथे उभं राहवेना, निघवेनाही. पंधरा वर्षं उशिरानं का होईना, त्याला लाज वाटली. त्यानं तिच्यासमोरच फोन लावला.

"खरं लिव. मीच उघडलं म्हनून लिव."

"नोकरी जाईन बाबा."

"जाऊ दे. बांध्या आहेत आपल्या."



"मी सकाळीच लिवून देलो बाबा," पोर म्हणालं. "तुमी यावेळी काय सांगता, तेवढंच पाहाचं होतं."