दोन खुर्च्यांचं होम थिएटर

आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, पंगती बसल्या आणि नवरदेव गायब. शोधाशोध झाली तेव्हा भुजंगराव मंडपाच्या मागं सापडले. कपाळाला बाशिंग आणि हात अॅम्प्लिफायरवर. शेवटच्या रांगेला आवाज पोचत नव्हता म्हणे. त्यांचा धंदाच लाऊडस्पीकरचा. कुंभार पिंपळगावात आणि आसपास लग्न असो की बारसं, बॉक्स यांचेच लागतात. तेव्हापासून आजपर्यंत एखाद्या कार्यक्रमात हा माणूस माझ्या शेजारी बसला असेल तर शपथ. हे स्पीकरमागं उभे आणि मी बायकांच्या घोळक्यात एकटी. राग येतो मला. येणारच.

दिवाळीत मोठा टीव्ही घेतला. चित्र झकास, आवाज मात्र डब्यात माशी अडकल्यासारखा. त्यावर यांनी तोडगा काढला. लग्नातला एक बॉक्स घरात आणून जोडला. हिरोईन हसली आणि माझ्या मांडणीवरच्या ताटल्या खाली आल्या. त्याच दिवशी मी जाहीर केलं, की माझे शिलाईचे दहा हजार साठलेत, त्यात घरापुरतं होम थिएटर घ्यायचं आणि निवड मी करणार. मनात एवढंच होतं, की एकदा तरी एक अख्खा पिक्चर या माणसाच्या शेजारी बसून बघायचा. ते मात्र बोलले नाही. बोलले असते तर यांनी हसण्यावारी नेलं असतं.

घनसावंगीला मुझफ्फरभाईंचं टीव्ही-मिक्सरचं दुकान आहे. आमचा आकडा ऐकून त्यांनी दोन सेट पुढं ठेवले. एकात पाच छोटे स्पीकर, एक मोठा डबा आणि त्याला निळे-लाल दिवे. दुसऱ्यात टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी आणि सोबत लहानसा डबा. मुझफ्फरभाईंनी पहिल्यावर गाणं लावलं, तसे भुजंगराव दुकानाबाहेर पडले. मला वाटलं, पान खायला गेले. बघते तर रस्ता ओलांडून पलीकडच्या खताच्या दुकानाच्या पायरीवर उभे, कानामागं हात धरून. मधून उसाचा ट्रॅक्टर स्वतःचीच गाणी वाजवत गेला. यांनी तिथून हातानं खूण केली, वाढवा. मुझफ्फरभाईंनी वाढवला. परत खूण, अजून वाढवा. शेवटी तोंड वाकडं करून परत आले.

"ह्याच्यात जीव न्हाई," म्हणाले. "रस्त्यापल्याड पोचून न्हाई राह्यला."

"भुजंगभाऊ, घरात बसून ऐकायची चीज हाय ही," मुझफ्फरभाई शांतपणे म्हणाले. "रस्त्याला काहून ऐकवता?"

मला हसू आवरेना. तरी यांचा कौल दिव्यांच्या सेटलाच होता. आवाज त्यातल्या त्यात मोठा, दिसायला भारी, आणि खोक्यावर वॅटचा आकडा असा की वाचूनच कान दुखावेत. मी मुझफ्फरभाईंना म्हटलं, गाणं बंद करा आणि माणसं बोलतायत असं काहीतरी लावा. आणि दोन खुर्च्या द्या. एकीवर मी बसले, दुसरी शेजारी ओढली.

"म्या हुभाच बरा," हे म्हणाले. "बसून आवाज कळत न्हाई."

"इतकी वर्षं हुभंच राह्यलात. आता बसा," मी म्हटलं. जरा जोरातच निघालं असावं, कारण मिक्सर बघायला आलेलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. हे मुकाट्यानं बसले.

मुझफ्फरभाईंनी एका मालिकेतला प्रसंग लावला. म्हातारा बाप सासरी निघालेल्या मुलीला स्टँडवर सोडायला आलाय. दिव्यांच्या सेटवर बसचा आवाज असा घुमला की बापाचं बोलणं त्यात बुडूनच गेलं. मग तोच प्रसंग पट्टीवर लावला. बाप म्हणाला, नीट जा. पुढं त्याला बोलवेना आणि त्यानं आवंढा गिळला. तो आवंढासुद्धा ऐकू आला. भुजंगराव खुर्चीत पुढं सरकले. मुझफ्फरभाई बंद करायला गेले तर यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मुलगी काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं.

"शालू, हेच घेऊ," ते हळूच म्हणाले. "आवाज पोचला का, तेवढंच पाहत आलो म्या. माणूस काय बोलून राह्यला, ते ऐकलंच न्हाई कधी."

मला भरून आलं. पण भाव ठरायचा होता, म्हणून चेहरा कोरा ठेवला. घासाघीस करून पाचशे रुपये वाचवलेच, वर भिंतीचे खिळे फुकट घेतले.

संध्याकाळी घरी सगळं जोडून झालं. गावात एक साखरपुडा होता, पण तो यांचा भागीदार संपत सांभाळणार होता. मी मोसंब्या सोलून ताटलीत घेतल्या आणि पिक्चर लावला. सवयीनं हे टीव्हीशेजारीच उभे राहिले. रिमोट हातात दिला तेव्हा त्यांना पटलं, की आवाज लांबूनही कमीजास्त होतो. मग येऊन बसले, माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. मी मोसंबीची फोड हातावर ठेवली. टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी ती खाल्ली. मला पिक्चर कसला कळतोय. मी यांच्याकडंच बघत होते.

पिक्चर ऐन रंगात आला आणि यांचा फोन वाजला. संपत होता. डाव्या बाजूचा बॉक्स बंद पडलेला, पाहुणे यायला लागलेले. साखरपुड्याचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. हे उठणार हे मला ठाऊकच होतं. मी पाय आवरून घेतले आणि जायला वाट करून दिली. ताटलीही बाजूला सरकवली.

"वायर काढून परत घट्ट बसव," हे फोनवर सांगत होते. "तरी न्हाई झालं तर एकाच बॉक्सवर चालव. तुला जमतंय सगळं. न्हाई, मला यायला जमत न्हाई. म्या पिक्चर पाहून राह्यलो शालूसंगं."

फोन त्यांनी उशीखाली सारला. मी पडद्याकडं तोंड करून बसले, पण समोरचं चित्र धूसर झालं होतं. त्यांनी कोपरानं मला हळूच ढोसलं.

"जरा मागं घे की," म्हणाले. "फोनच्या नादात ती काय म्हणली ते ऐकायचं राह्यलं."