सात सालचा पत्रा

शाळेच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर दोनहजारी बाबा बसले होते. वय दोन हजारांच्या वर, असं ते स्वतःच सांगत, दिसायला पन्नाशीचे. हातात तांब्याचा हिरवट पत्रा.

"मी लहान असताना वडिलांनी हा माझ्या गळ्यात बांधला. वाचा!"

पहिल्या रांगेतल्या शिंप्याने तो हातात घेऊन मोठ्याने वाचलं, "इसवी सन सात."

सभागृहाने हात जोडले. बाबांना एवढं आयुष्य देणाऱ्या झऱ्याचं पाणी बाहेर बाटल्यांतून मिळत होतं. पथ्य एकच: औषधं बंद.

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातला कारकून मागच्या रांगेत बसून हे ऐकत होता. त्याला वीट आला होता. मागच्या खेपेला रडणारी तसबीर, त्याआधी खिळ्यांवर झोपणारी बाई. दर वेळी त्यानेच उठून वाईटपणा घ्यायचा आणि लोकांनी वर्षभरात नवा बाबा शोधायचा. पालथ्या घड्यावर पाणी! आज तो घरीच पडून राहिला असता. पण शेजारी ताई बसली होती. तिने रक्तदाबाच्या गोळ्या सोडून अठरा दिवस झाले होते, आणि सकाळीच डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "असंच चाललं तर लकवा मारेल. मग माझ्या हातात काही नाही."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"बाबा, एक शंका. हा पत्रा तेव्हाचाच? मागाहून कोरलेला नाही ना?"

"त्याच दिवशीचा, बाळा! माझ्यादेखत कोरला."

"मग सात साल चालू आहे, हे वडिलांना कसं कळलं?"

"कसं म्हणजे? चालू साल कोणाला ठाऊक नसतं?" बाबा हसले, त्यांच्यामागून सभागृहही हसलं.

"तेव्हा कोणालाच नव्हतं," कारकून म्हणाला. "माझ्याकडे उशिराच्या जन्मनोंदी येतात. म्हातारी माणसं सांगतात, 'पूल वाहून गेला, त्या साली जन्मलो.' मी पुलाचं साल शोधतो आणि आकडा लिहितो. इसवी सन ही तसलीच उशिराची नोंद आहे. त्या काळी लोक म्हणत, अमक्या राजाच्या राज्याचं अमुकावं वर्ष. ख्रिस्तजन्मापासून मोजावं, हे पाचशेहून जास्त वर्षांनी एका मठातल्या साधूला सुचलं. त्याने मागे मोजत जाऊन आकडा बसवला. तो सगळीकडे रुळायला आणखी कित्येक शतकं गेली. सात साली जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं, की हे सात साल आहे."

बाबा घोटभर पाणी प्यायले. "वडिलांना दिव्यदृष्टी होती."

"आत्ता तर म्हणालात, सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"आणि हा हिरवा रंग?" शिंप्याने विचारलं.

"मीठ आणि व्हिनेगर लावून तांबं चार दिवस ठेवा. घरी करून बघा."

शिंप्याने नखाने खरवडलं. हिरवी पूड सांडली, खालून लखलखीत तांबं निघालं.

"कोणी काही लिहिलेलं दाखवलं, तर एवढंच विचारत जा," कारकून थकून म्हणाला. "हे कोणी लिहिलं आणि कधी? विचारलं म्हणून कोणी फाशी देत नाही."

निम्मे लोक घरी गेले. उरलेले पाण्याच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्याशी वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

ते घरी आले. दारात चप्पल काढताना ताई म्हणाली, "गोळ्यांनी कुठे बरं होतं रे? जन्मभर घ्यायच्या नुसत्या. तो बाबा निदान बरी होशील म्हणाला."

"तेवढं मला म्हणता येत नाही, ताई." "मृत्यूची वही माझ्याच टेबलावर असते. हजारो नावं लिहिली या हाताने. तुझं लिहायला लावू नकोस."

ताई स्वयंपाकघरात गेली, नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि म्हणाली, "कुठे ठेवल्यास गोळ्या?"