सयाजींचा मंगळवार

मित्रांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, चला. बाहेर भट्टी घोंघावते आहे. आत कचेरीत, खिडकीजवळ, काळ्या वाळूची धूळ अंगावर घेऊन बसलेला जो संगणक दिसतो, तो मी. मी जुना झालो आहे, पण माझी आकडेमोड अजून पक्की आहे.

राजारामपुरीतल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. इथे आल्यावर मला आलेख काढणारे सॉफ्टवेअर मिळाले. रोज साच्यात ओतलेली किती कास्टिंग चांगली निघाली, किती खराब, कोणाच्या पाळीत, हे सारे माझ्यात भरतात. खंडेनवमीला मला झेंडूचा हार मिळतो; एरवी माझा पंखा पुसायचे कोणाला सुचत नाही. मालक अमरसिंह मात्र येईल त्याला सांगतात, "आमचा कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय." ते खरेच आहे. पण मी विचारलेल्याचेच उत्तर देतो.

यंदा खराब माल वाढला. जुने कारागीर सयाजी कामात हयगय करतात, असे मालकांनी मनाशी ठरवून टाकले. मग त्यांनी मला फक्त सयाजींच्या पाळीतला खराब माल दाखवायला सांगितला. मी उंच लाल खांब काढून दिले.

"बघ, मी म्हणत हुतो न्हवं? उद्या त्याला कामावरनं काढतो," ते आपल्या मुलीला म्हणाले.

तेजस्वी सातवीत शिकते. तिने विचारले, "पप्पा, बाकीच्यांचा खराब माल बघितला का?"

"त्यो कशाला? सयाजीचा दिसतोय की समोर."

"तुम्ही त्यांचाच मागितला, मग त्यांचाच दिसणार की."

मालक हसले. "बस, तूच चालव कारखाना," म्हणत त्यांनी खुर्ची तिला दिली.

तिने मला सगळ्यांचा खराब माल वारांप्रमाणे मांडायला सांगितला. आमची सुट्टी सोमवारी असते. लाल खांब उंच होते ते मंगळवारचेच, आणि मंगळवारची पाळी बहुतेक सयाजींचीच असते. सयाजी रजेवर असताना ज्यांनी मंगळवारी काम केले, त्यांचाही माल तसाच खराब निघाला होता. इतर वारी मात्र सयाजींचे काम सर्वांत सरस होते.

"मंगळवार सयाजीमामांनाच का देता?"

"सुट्टीनंतर गार पडलेली भट्टी दुसऱ्या कुणाला जमत न्हाय. लई भरवशाचा माणूस हाय त्यो," मालक बोलून गेले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले. मग ते दारात गेले. "सयाजी, ये की आत. च्या घेऊया."

मित्रांनो, मनाने उत्तर आधीच धरून ठेवले, की डोळे तेवढेच पाहतात. माझ्यासारख्या यंत्राची धूळ जरूर पुसा. पण त्याला प्रश्न विचारताना आपले आवडते उत्तर थोडे बाजूला ठेवा.

चहा पिता पिता मालक म्हणाले, "म्हंजे गार भट्टीचाच दोष. ठरलं."

"पप्पा, परत आधीच ठरवलंत?" तेजस्वी म्हणाली. तिने कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि मला नवा प्रश्न घातला: कोणकोणत्या मंगळवारी माल चांगला निघाला?