परतीचा हात

यामिनीच्या धाकट्या बहिणीचा, पूर्वीचा, डावा ठोसा सुटल्यापासून बॅगेवर आदळेपर्यंत मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये एकोणीस फ्रेम जायच्या. अडीच महिने वजनं उचलल्यावर त्या अठरा झाल्या आणि यामिनी बॉक्सिंग क्लबमध्येच टाळ्या पिटायला लागली.

"ताकद वाढली आणि वेगही गेला नाही! बघ, एक फ्रेम कमीच."

"पक्का?" पूर्वीने घाम पुसत विचारलं.

"पक्कं. तीनदा मोजलंय."

यामिनी मोहालीत सेक्टर ६७ला औषधशास्त्र शिकत होती. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. धाकट्या बहिणीच्या सरावाचं वेळापत्रक तिनेच केलं होतं. आठवड्यातून दोनदा जड बारबेल, मोजकेच रेप्स, मध्ये भरपूर विश्रांती, मग उड्या आणि भिंतीवर बॉल फेकणं. चोपन्न किलोचा गट सुटता कामा नये, म्हणून पोळ्यासुद्धा वजन करून. बाबा एअरफोर्समध्ये, जूनमध्ये त्यांची बदली जोरहाटला होणार होती. पूर्वीचं युवा गटातलं हे शेवटचं वर्ष. संघाच्या चाचणीत निवड झाली तर खेळाडूंचं होस्टेल मिळेल, ती इथेच प्रशिक्षक नरेश सरांकडे शिकत राहील. नाही झाली, तर सगळ्यांबरोबर सामान बांधायचं.

चाचणीला दहा दिवस उरले तेव्हा नरेश सरांनी यामिनीला बाजूला बोलावलं. रोहतककडचे, साठीचे गृहस्थ. तिला ते कौतुकानेच डॉक्टरनी म्हणत.

"डॉक्टरनी जी, अब वजन बंद करवा दो. इसका हाथ जाता बढ़िया है, वापस लेट आता है."

यामिनीने मोबाईल पुढे केला. "सर, डेटा देखिए ना. स्पीड बढ़ी है."

"किस पे? बॅग पे? बॅग पलट के मारती है क्या?"

पलीकडून ऐकणारी पूर्वी खुदकन हसली. यामिनीला राग आला. सरांना आकड्यांचं वावडं आहे, असं तिने ठरवूनच टाकलं. "अजून एक आठवडा," ती घरी म्हणाली, "आलेख चढताना कोण थांबतं?" पूर्वीने सरांचं न ऐकता पुन्हा बारबेल उचलला.

चाचणीत पहिल्याच फेरीत पूर्वीच्या उजव्या ठोशाने समोरची मुलगी दोन पावलं मागे गेली. आई ओरडली, बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या फेरीत त्या मुलीने नस ओळखली. पूर्वीचा डावा हात यायचा, ती मान बाजूला करायची, आणि तो हात हनुवटीपाशी परतायच्या आत तिचा उजवा पूर्वीच्या गालावर बसायचा. एकदा, दोनदा, मग मोजणं यामिनीनेच सोडून दिलं. कोपऱ्यातून नरेश सर ओरडत होते, "हाथ ला, बेटा! वापस ला!"

पाचही पंचांनी समोरच्या मुलीला विजयी ठरवलं.

संध्याकाळी घरात अर्धी खोकी भरलेली होती. यामिनीने मोबाईलमधल्या साठ-सत्तर चित्रफिती एकेक करून पाहिल्या. प्रत्येक फीत ठोसा बॅगेवर आदळताच संपत होती. तिनेच तिथे बटण दाबलं होतं, पुढचं निरुपयोगी समजून. हात परत येताना एकाही फितीत नव्हता. तो नेमका कोणत्या आठवड्यात जड झाला, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

रुमालात बर्फ बांधून ती पूर्वीजवळ जाऊन बसली. पूर्वीचा डावा डोळा जवळजवळ मिटला होता.

"माझं चुकलं गं. मी अर्धाच ठोसा मोजत होते."

पूर्वी छताकडे बघत राहिली. "मुझे पता था, ताई. दो हफ्ते से हाथ भारी लग रहा था. मारने के बाद वहीं रह जाता था."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कितनी खुश थी यार, नंबर देख के."

यामिनीच्या हातून बर्फ जरा जास्तच दाबला गेला. पूर्वी कळवळली, तसा तिने हात चटकन काढून घेतला. आता तो परत कुठे ठेवावा, हे तिला कळेना. मग पूर्वीनेच चाचपडत तिचं मनगट धरलं आणि बर्फ पुन्हा आपल्या डोळ्यावर ओढून घेतला.