तिसरं वाक्य

जिन्याखालच्या खोलीतल्या त्या फोनला आकडेच नव्हते. त्याची तार एकाच ठिकाणी जायची: पलीकडच्या देशातल्या, तशाच कुठल्यातरी खोलीत. सकाळी पलीकडून फोन यायचा, संध्याकाळी इकडून जायचा. एकाने विचारायचं, "आवाज येतोय का?" दुसऱ्याने म्हणायचं, "येतोय." की ठेवला. तिसरं वाक्य बोलायला बंदी होती. लाइन जिवंत आहे एवढं दोघांना कळत राहावं आणि वेळ आली तर ती उपयोगी पडावी, म्हणून जुन्या लढाईनंतर दोन्ही सरकारांनी ही सोय करून ठेवली होती. संरक्षण खात्यातल्या टेलिफोनबाई त्या सोयीचा पगार इमानेइतबारे घेत होत्या.

पलीकडच्या माणसाला कायम सर्दी असायची. "आवाज येतोय का?" म्हणायच्या आधी तो हमखास शिंकायचा. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव शिंकोबा ठेवलं होतं. शिंकणं म्हणजे वाक्य नव्हे, त्यामुळे नियम काही मोडत नव्हता. एखाद्या सकाळी शिंक आली नाही, तर बाईंना उगाच चुकल्यासारखं वाटायचं. शत्रूच्या तब्येतीची काळजी करायची म्हणजे कमालच, असं म्हणून त्या स्वतःवरच चिडायच्या आणि चहाला जायच्या.

मग पलीकडच्यांनी पुन्हा क्षेपणास्त्र उडवलं. म्हणे चाचणी. या मोसमातली ही कितवी ते आता लोकांनी मोजायचंही सोडलं होतं. सगळी समुद्रातच पडत होती, पण प्रत्येक वेळी इकडच्या किनाऱ्याच्या जरा आणखी जवळ.

साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण झोप न झाल्याने डोळे तांबारले होते. "आपण निषेध केला," ते म्हणाले. "मग तीव्र निषेध केला. मग कडक शब्दांत तीव्र निषेध केला. शब्द संपले, बाई. आता बोटी जातील, त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहतील. आणि तुमचा फोन उचलायचा नाही. वाजू दे. तेच आपलं उत्तर."

"पण साहेब, लाइन तर अशाच वेळेसाठी..."

"मागच्या चाचणीनंतर तुम्ही उचललात. त्यांनी तुमचं 'येतोय' त्यांच्या टीव्हीवर वाजवून दाखवलं. बघा, क्षेपणास्त्र उडालं की कसे नम्रपणे उत्तर देतात. आठवतंय ना?"

बाईंना आठवत होतं. साहेब खोटं बोलत नव्हते, आणि तिथेच तर घोडं पेंड खात होतं. त्या मान हलवून बाहेर आल्या. बोटींपैकी एकीच्या इंजिनखोलीत त्यांचा मुलगा कामाला होता. हे साहेबांना माहीत होतं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

घरी नवरा दुकान बंद करून आला होता. त्याचं केशकर्तनालय होतं, आणि तिथे खुर्चीत बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक संरक्षणमंत्री असायचं. तोंडाला फेस लावला की तेवढ्यापुरतं गप्प बसायचं. बायको कुठला फोन सांभाळते हे त्यालाही ठाऊक नव्हतं. सरकारी टेलिफोनवर आहे, एवढंच.

"शेजारी रोज आपल्या दारात दगड टाकतोय," तो म्हणाला. "आणि आपण काय करतोय? दगड उचलून बाजूला ठेवतोय. एकदा आपणही टाकायला हवा."

"आणि मग?"

"मग त्याला कळेल, लागतं म्हणजे काय."

"अहो, आपलं पोरगं बोटीवर आहे."

"म्हणून तर म्हणतोय ना!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की त्याचा तोच दचकला. दोघांनाही धास्ती एकाच गोष्टीची होती, आणि दोघं त्याच गोष्टीवरून भांडत होते. मग तो बराच वेळ हात धूत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाई मांडीवर हात ठेवून बसल्या. एरवी थोडा वाजून बंद पडायचा, त्या दिवशी वाजतच राहिला. त्यांनी टेबल पुसलं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. खिडकी उघडली, आवाज बाहेर जाईल म्हणून लावून घेतली. शेवटी फोन थांबला तेव्हा कानात नुसतं घुमत होतं. संध्याकाळी इकडून फोन लावायची वेळ आली आणि गेली. बाईंचा हात सवयीने पुढे गेला, तो त्यांनी स्वतःच्या मुलासारखा दटावून मागे घेतला.

त्यानंतरच्या दिवशी फोन दुपारी वाजला.

दुपारी तो कधी वाजत नसे. इतक्या वर्षांत एकदाही नाही. थांबला, लगेच पुन्हा वाजू लागला. बाई जिना चढून साहेबांकडे धावल्या. आत बैठक चालली होती. आपणही एक उडवून दाखवायचं की नाही, यावर मोठमोठी माणसं एकमेकांचं बोलणं तोडत होती. साहेब दारापर्यंत आले.

"भलत्या वेळी वाजतोय, साहेब."

"वाजणारच. अस्वस्थ झालेत. उचललात की त्यांना जिंकल्यासारखं वाटेल."

"आणि काही सांगायचं असेल तर?"

साहेबांचा हात दाराच्या कडीवर होता. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली. "उचलायचा नाही," ते म्हणाले, आणि दार लागलं.

बाई जिना उतरून खोलीत आल्या. फोन वाजतच होता. समोरचा माणूस हट्टाने वाजवतोय की घाबरून, हे त्यांना ठरवता येईना. घंटेचा आवाज सारखाच. नोकरी, साहेब, टीव्हीवर वाजलेलं आपलं 'येतोय', सगळं डोक्यात गरगरत होतं. आणि त्या सगळ्याच्या खाली, कुठल्यातरी समुद्रात, तेलाने माखलेले हात चिंधीला पुसणारा त्यांचा लेक होता.

त्यांनी फोन उचलला.

"आवाज येतोय का?" शिंकोबाच होता. त्या दिवशी तो शिंकला नाही.

"येतोय."

आणि मग तो बोलला. "आज संध्याकाळी पुन्हा. उत्तरेकडच्या दोन बेटांच्या मधे. तुमच्या बोटी तिथेच उभ्या आहेत. कालपासून वाजवतोय मी." श्वास लागल्यासारखा थांबला. "लवकर, ताई."

फोन बंद झाला.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पांढरा. बाईंवर ओरडायलाही त्यांना वेळ नव्हता. डाव असेल तर बोटी पळाल्या म्हणून जगभर छी-थू. डाव नसेल तर त्या बोटींवरच्या पोरांच्या आया. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी फोन फिरवला आणि बोटी मागे घ्यायला लावल्या.

संध्याकाळ झाली. दोन बेटांच्या मधल्या पाण्यात काहीच पडलं नाही.

त्याच रात्री जेवणाच्या वेळी पलीकडच्यांच्या टीव्हीवरची बातमी इकडच्या टीव्हीनेही दाखवली. आमच्या एका फोनवर त्यांचं आरमार शेपूट घालून पळालं, असं निवेदक हसत सांगत होता. पुरावा म्हणून बाईंचा आवाज वाजवला. "येतोय." तेवढाच. शिंकोबाचं बाकीचं बोलणं त्यांनी ऐकवलं नाही, ते "लवकर, ताई" तर नाहीच. बाईंचा जीव त्या कापलेल्या जागेवर अडकून राहिला. खोटंच सांगितलं असेल, तर सगळं का नाही ऐकवलं? आणि खरं असेल, तर पडलं का नाही? बोटी हटल्या म्हणून त्यांनी उडवलंच नाही की काय? का उडवायचंच नव्हतं? हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"कोण ही बया?" नवरा चमचा आपटत म्हणाला. "देशाचं नाक कापलं हिने."

बाईंनी त्याच्या ताटात डाळ वाढली. संध्याकाळीच त्यांना कामावरून घरी बसवलं होतं, चौकशी होईपर्यंत. बरं वाटत नाही म्हणून रजा घेतली, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात लेक घरी आला. उन्हाने काळवंडलेला, धडधाकट, आणि अंगाचा नुसता तिळपापड झालेला. बापलेक एकाच सुरात बोलत होते. "आम्ही तयार होतो, बाबा! समोर उभे होतो. आणि कुणीतरी एसीत बसलेल्याने फोन उचलला आणि आम्हाला कुत्र्यासारखं मागे बोलावलं. बंदरात पोरं थुंकत होती आमच्याकडे बघून." बोलता बोलता त्याचा घास हातातच राहिला होता. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली इंजिनाचं तेल अजून तसंच होतं. ते बघून बाईंना इतका आनंद झाला की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"उचललाच कशाला त्या माणसाने?" लेक म्हणाला. "सांग ना आई, तू तरी उचलला असतास का?"

नवराही बघायला लागला. घरातला फोन गप्प होता, तरी बाईंना जिन्याखालचा तो फोन वाजल्यासारखं वाटत होतं. घरी बसवल्यापासून सकाळ-संध्याकाळ वाटत होतं. त्या खोलीत आता कुणी उचलत नसेल. पलीकडे शिंकोबा तरी असेल की त्यालाही कुणी घरी बसवलं असेल?

"मीच उचलला," बाई म्हणाल्या.

नवऱ्याने हातातला चमचा हळूच खाली ठेवला. लेक आईकडे असा बघत होता की जणू ती कुठल्यातरी परक्या भाषेत बोलली होती. उद्या हे पोरगं आपल्याशी बोलेल की नाही, बाईंना ठाऊक नव्हतं. पण ते समोर बसलं होतं, रागावून श्वास घेत होतं, आणि त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"आणि पुन्हा वाजला, तर पुन्हा उचलेन," त्या म्हणाल्या. "भात घे. गार होतोय."