राळेगावच्या बसमधला सिरीयस

ऐक ना मित्रा, मधात बोलू नको. मी एक जुना शब्द आहे. सिरीयस. जन्म इंग्रजीतला. डॉक्टरच्या तोंडून यवतमाळात आलो अन् मंग यष्टीत बसून खेड्याखेड्यात गेलो. सुरवातीले लय मजा होती! मास्तर म्हणत, "पोट्टेहो, जरा सिरीयस व्हा." मांगच्या बाकावरून आवाज ये, "सर, हा तं लगनासाठी सिरीयस हाय!" सारे दात काढत.

मंग कपाशीवर अळी आली. विषारी औषधाची फवारणी वाढली, माणसं वावरात चक्कर येऊन पडाले लागली, अन् माह्यं काम वाढलं. आपल्याकडं फोनवर 'गेला' असं सांगत नाहीत ना. ऐकणारा रस्त्यातच कोसळन, म्हणून मले पुढं करतेत.

नागोराव दुसऱ्याच्या वावरात फवाराले गेलता. पडला, तो उठलाच नाही. त्याची पोरगी दीपमाला यवतमाळात नर्सिंग शिकून राह्यलती. तिच्या काकानं, धम्मरत्ननं फोन लावला. "दीपे, दादा..." पुढचं निघेच ना. मंग त्यानं मलेच धरलं. "दादा सिरीयस हाय. घरी ये."

"सलाइन लावली का काका?"

"तू ये तं, बाई."

तिनं स्टँडवर मोसंब्या घेतल्या. राळेगावच्या बसमधी बाजूच्या म्हातारीनं, सुखीबाईनं विचारलं, "काहून रडतं वं माय?"

"बाबा सिरीयस हाय. घरी हाय."

कंडक्टरनं मान खाली घातली. अरे, सिरीयस माणसाले गावातून यवतमाळच्या दवाखान्यात आणतेत! ही तं उलटी, गावाकडं चाललती. साऱ्यायले समजलं, तिलेच नाही. नर्सिंगवाल्या पोरीले नाही!

सुखीबाईनं गाठोडं सोडलं. "भाकर खाऊन घे."

"भूक नाही आजी. बाबासंग मोसंबी खाईन."

"खाय ना माय. आज तुह्या घरी..." म्हातारीनं जीभ चावली. आज तिच्या घरी चूल पेटणार नव्हती.

मले ओरडावं वाटे, सोड मले, मी खोटा आहे! पण शब्दाले सोताचं तोंड कुठं असते? अन् ती मलेच घट्ट धरून बसलती. सिरीयस म्हणजे जित्ता हाय. बस, एवढंच.

ती घरी पोचली, तं दारात चपलाच चपला. मोसंब्या मातीत गेल्या.

"काका, तुमी तं सिरीयस म्हटलं होतं!"

धम्मरत्न खालीच बसला. "तू येस्तोर तरी तुह्या बापाले जित्तं ठेवलं वं. तेवढंच जमलं मले."

मित्रा, मले जपून वापरत जा. पण खरं सांग, फोन तुह्या हातात असता, अन् पलीकडून ती विचारती, "सलाइन लावली का?" तं तू काय म्हटलं असतं?